कव्हरवरची परकी बाई

दादानं आईला एका दुपारीत गोरं केलं. जन्माला जे जमलं नाही ते त्याच्या शोरूममधल्या संगणकानं चहाच्या सुट्टीआधी उरकलं. आणि नुसतं गोरं नाही, गुळगुळीत. बोट ठेवलं तर घसरावं इतकं. दादाचा धंदाच बाथरूमच्या फरश्यांचा. जगात जे जे खडबडीत दिसेल ते घासून काढल्याशिवाय त्याला झोप येत नाही, आणि आईचा चेहरा तर त्याच्या डोळ्यांपुढे लहानपणापासून होता.

आई आयुष्यभर लाँड्रीत इस्त्री करत आली. रस्त्याच्या वळणावर, वाफेनं कायम आंधळ्या झालेल्या काचेमागे तिचं लांबलचक टेबल. त्यावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर चादर, चादरीवर इस्त्रीचे पिवळे ठसे. तिथं उभ्या उभ्या ती गाणी जुळवायची. कॉलरचं गाणं वेगळं, बाहीचं वेगळं, तुटक्या बटणाचं तर फारच खट्याळ. इस्त्री पुढे गेली की ओळ पुढे जायची, इस्त्री मागे आली की ओळ वळायची.

परक्याचं कापड, हात फिरवते मायेनं
सुरकुती पळाली, बाई, माझ्या हाताच्या भयानं

कुणी शिकवलेलं नाही. अक्षरांशी तिचं कधी जमलंच नाही; पण ओळ कुठं मोडायची हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं.

लाँड्री बंद होणार असं कळलं तेव्हा मी फोन घेऊन तिच्या टेबलापाशी बसले आणि सगळी गाणी भरून घेतली. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. म्हणून दादा मला ‘चष्मेवाली’ म्हणतो, जसा काही तो स्वतः फरश्या भाजतो. गाणी भरताना मी आईचा एक फोटोही काढला. उभा फोटो. बाह्या वर सारलेल्या, कपाळाला केस चिकटलेले, हातात इस्त्री, आणि डाव्या गालावर तो डाग. इस्त्रीच्या टोकासारखा, वर निमुळता, खाली पसरट. आई हसतेय. कोपऱ्यात माझं बोट आलंय.

दादाला गाणी आवडली. म्हणजे गाणी आहेत ही गोष्ट आवडली.

“आपण हे डिजिटल काढू,” तो म्हणाला. “सगळ्या जगात. खर्च माझा.”

“कव्हरवर हा फोटो घाल,” मी म्हटलं.

त्यानं फोटो पाहिला आणि शेजारच्या घरातला कचरा आपल्या दारात आल्यासारखं तोंड केलं.

“वेडी आहेस का गं? आईचा डाग जगाला दाखवायचा? लोक म्हणतील, एवढा मोठा मुलगा आणि आईला बघा कसं ठेवलंय.”

“डाग तिचा आहे, दादा. तू का लाजतोस?”

“चष्मे विक तू. मार्केटिंग मला कळतं.”

मग त्यानं त्याच्या कॅटलॉगवाल्याला बोलावलं. शोरूममध्ये सगळे त्याला ‘फिनिशिंग’ म्हणतात, कारण कुठलंही काम दाखवा, त्याचं उत्तर ठरलेलं: “देतो फिनिशिंग.” हा माणूस आजवर नळ, तोट्या आणि वॉशबेसिनचे फोटो चमकवत आलेला. त्यानं आईलाही त्याच हातानं चमकवलं. गालावरचा डाग त्यानं फरशीवरचा चहा पुसावा तसा पुसला. केस काळे केले. मागची वाफ काढून गुलाबी ढग आणले. कानांवर मोठाले हेडफोन चढवले. संगीत आहे हे लोकांना कळायला नको का! इस्त्री काढून हातात फूल दिलं. खाली कोपऱ्यात शोरूमचं बोधचिन्ह बसवलं, आईच्या नावापेक्षा दीडपट मोठं.

“आता कसं राजेशाही वाटतंय,” दादा म्हणाला.

राजेशाही कसली! साबणाच्या फेसाची जाहिरात होती ती. आपला तो बाब्या म्हणतात, तो निदान आपला तरी असतो. ही बाई कुणाचीच नव्हती.

गाणी निघाली. दादानं सगळ्यांना पाठवली आणि सगळ्यांनी न ऐकता अंगठे पाठवले.

आईला मी फोनवर गाण्यांचं ॲप घालून दिलं होतं. तिला नावं वाचता येत नाहीत, ती चित्रं बघते. निळी होडी म्हणजे तिचा आवडता बासरीवाला, पिवळं दार म्हणजे त्या दोन जुन्या गाणाऱ्या बहिणी. चित्रावर बोट ठेवलं की गाणं लागतं, एवढीच तिची वर्णमाला, आणि त्यात ती पक्की. गाणी निघाली त्या आठवड्यात मी गेले, तर ती पलंगावर बसून बोटानं चित्रं वर सारतेय, खाली सारतेय, पुन्हा वर.

“माझी गाणी कुठं ठेवलीत गं? सगळे म्हणतात आली आली. मला तर सापडत नाहीत.”

“ही काय आई, समोरच आहेत.”

“ही?” तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला. “ही तर साबण विकणारी बाई.”

“तूच आहेस ती. दादानं करून घेतलंय.”

तिनं फोन उशीवर पालथा घातला.

“मी नाही लावणार बाई. परक्या बाईच्या तोंडावर बोट ठेवायचं आणि आतून आपला आवाज यायचा! भुताटकी आहे नुसती.”

मी हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही ती बासरीवालाच ऐकत होती. “तुझी लाव की,” म्हटलं तर म्हणायची, “असू दे. ती तिची गाणी आहेत.” आयुष्यभर दुसऱ्याचे कपडे नीट करून दुसऱ्याला देणारी बाई, गाणी तेवढी तिची स्वतःची होती. तीही तिनं घडी करून त्या गुलाबी बाईला देऊन टाकली. तेव्हा मला राग आला, असा की काच घासताना हातात फुटली.

आमच्या चष्म्याच्या दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं, हे ॲप चित्रं आणतं एका भल्यामोठ्या ऑनलाइन कोशातून. जगातली सगळी गाणी तिथं नोंदवलेली असतात, आणि नोंदवणारे सगळे हौशी. पगार नाही, पण तोरा पगाराच्या वरचा. कुणीही खातं उघडावं, नोंद दुरुस्त करावी, बाकीच्यांनी मत द्यावं. मला वाटलं, झालं काम. मी खातं उघडलं, दादाचं गुलाबी कव्हर बाजूला केलं आणि आईचा लाँड्रीतला फोटो चढवला. कारण लिहिलं: गायिका अशी दिसते.

संध्याकाळपर्यंत बदल फेटाळला गेला. फेटाळणाऱ्याच्या नावाजागी घुबडाचं चित्र होतं. त्यानं लिहिलं होतं:

“फोटो चांगला आहे. पण कव्हर नाही.”

मी लिहिलं, “कव्हरवर गाणाऱ्या बाईचा चेहरा नको का?”

“कव्हर म्हणजे गाणी ज्या चित्रासोबत ऑनलाइन दुकानात निघाली ते चित्र. तुमचा फोटो कुठल्या दुकानात या गाण्यांसोबत दिसतो?”

“कुठल्याच नाही. पण ते गुलाबी चित्र खोटं आहे. ती माझी आई नाही.”

“असेल. पण ते खोटं चित्र खरोखर निघालं आहे. आई कशी दिसते याची नोंद आम्ही ठेवत नाही.”

बघा! उंटावरचे शहाणे ऐकले होते, हा फांदीवरचा. आणि हा एकटा नव्हता. दुसऱ्या एकानं येऊन सांगितलं की माझा फोटो उभा आहे, डिजिटल कव्हर चौकोनी असतं, एवढंही ठाऊक नसेल तर माणसानं आधी वाचून यावं. तिसऱ्यानं गुलाबी चित्राची तारीफ केली. म्हणे तीन हजार ठिपक्यांचं आहे, कडा अगदी स्वच्छ. तीन हजार ठिपके, आणि त्यात एक आईचा नाही! चौथ्यानं विचारलं की ढगांच्या गुलाबी रंगात किंचित फरक दिसतोय, मूळ फाइल कुणाकडे आहे का. ढगांची एवढी काळजी! एकानंही विचारलं नाही की बाई गाते कशी.

मी पुन्हा चढवला. घुबडानं पुन्हा फेटाळला. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं, “ताई, तुमचं भांडण आमच्याशी नाही. ज्यानं गाणी काढली त्याच्याशी आहे. त्यानं दुकानात कव्हर बदललं की आम्ही तेही नोंदवू.”

मेल्याला ताई म्हणायचं बरं सुचलं. पण बोलला ते खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं याचाच जास्त राग आला.

मी दादाकडे जायला निघणार, तेवढ्यात दादाचंच बोलावणं आलं. शोरूममध्ये त्यानं भिंतीएवढा पडदा लावला होता. त्यावर ते गुलाबी कव्हर, आणि स्पीकरवर गाणी. आईला मुद्दाम आणून बसवलं होतं, कमोडच्या रांगेशेजारी, पाहुण्यांच्या खुर्चीत. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जशी दवाखान्यात बसते.

“बघ आई! केवढी मोठी झालीस!”

“कोण, ही?” आई म्हणाली. “हो, मोठी आहे खरी.”

एक गिऱ्हाईक बाई दोन्ही हातांत दोन फरश्या घेऊन त्या उजेडात धरून पाहत होती. तिचे कान मात्र गाण्याकडे होते. स्पीकरवर आई गात होती:

तापली इस्तरी, माझ्या गालाशी बोलली
डोळा लागला गं बाई, तिनं निशाणी ठेवली

निशाणी ठेवली, आरशाला मी दाविली
सोन्याची नको नथ, मला तीच गं शोभली

“काय गोड आहे हो,” बाई म्हणाली. मग पडद्याकडे पाहून तिनं भुवया उंचावल्या. “पण गाणारी कुणी दुसरी आहे का? हिच्या गालावर तर काहीच नाही.”

“काय असायला हवं?” दादा म्हणाला.

“निशाणी. गाण्यात आहे ना, इस्त्रीची.”

“कुठल्या गाण्यात?”

“हे काय, चालूच आहे.”

दादा थांबला. मान तिरकी करून ऐकू लागला. मी त्याचा चेहरा बघत होते. तो ती ओळ पहिल्यांदा ऐकत होता. ज्या गाण्यांवर त्यानं स्वतःचं बोधचिन्ह छापलं होतं, जी त्यानं अख्ख्या जगाला पाठवली होती, ती त्यानं ऐकलीच नव्हती.

“काय रे,” आई म्हणाली, “माझं गाणं तुझ्या दुकानात, आणि तूच ऐकलं नाहीस होय?”

“वेळ कुठं असतो, आई. पण मी चेक केलं होतं.”

“काय चेक केलंस?”

“आवाज किती मोठा होतो ते.”

गिऱ्हाईक बाईची नजर पडद्यावरून उतरून खुर्चीवर आली, आईच्या गालावर थांबली. तिनं दोन्ही फरश्या हळूच खाली ठेवल्या. “अहो, तुम्हीच का त्या?” म्हणत ती आईजवळ गेली. आई लाजली, आणि तो लाजलेला गाल, डागासकट, त्या भिंतीएवढ्या बाईपेक्षा कितीतरी मोठा दिसला. गिऱ्हाईक बाईनं फरश्या घेतल्या नाहीत. दादाच्या ते बरोबर लक्षात आलं.

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. पडला. पण दादाच्या डोक्यात उजेड पडला की तो शोरूमच्या दिव्यांचा असतो.

त्यानं फिनिशिंगला हाक मारली. “अरे, डाग टाक.”

“कसला साहेब?”

“इस्त्रीचा. गालावर. लोकांना पाहिजे तर देऊ.”

“देतो. हलका हवा की ठळक? आपल्याकडे दोन-तीन प्रकारचे आहेत.”

“सुबक टाक. बघणाऱ्याला घाण वाटता कामा नये.”

“दादा,” मी म्हटलं, “फोटो आहे ना! खरा डाग आहे त्यात, आयता!”

“तो फार खरा आहे,” दादा म्हणाला.

दोन दिवसांत नवं कव्हर ऑनलाइन दुकानात आलं. गुलाबी बाई तीच, फूल तेच. गालावर बदामाच्या आकाराचा एक नाजूक तपकिरी ठिपका. उजव्या गालावर. मी फिनिशिंगला फोन करून विचारलं, तर म्हणाला, “डाव्या बाजूला हेडफोनची वायर येत होती, मॅडम. बॅलन्स बिघडला असता.”

आईला दाखवलं. तिनं या वेळी फोन जवळ धरून नीट पाहिलं.

“आधीची परकी तरी होती,” ती म्हणाली. “ही माझी नक्कल करते.” आणि तिनं मला फोनवरून ते चित्रच काढून टाकायला लावलं. गाणी गेली तरी चालतील, म्हणाली.

कोशात घुबडानं नेमाप्रमाणे दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी लावली. खाली तारखा, आणि टीप: पहिल्या कव्हरवर गालावर डाग नाही, दुसऱ्यावर उजव्या गालावर आहे, गाणी तीच. बस्स, एवढंच. टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही. पण जगाच्या चावडीवर इतक्या थंडपणे कुणाची अब्रू टांगलेली मी पाहिली नव्हती. दादा चवताळून माझ्याकडे आला.

“ते जुनं काढायला सांग त्यांना. दोन्ही शेजारी ठेवली की हसं होतंय. तुझी ओळख आहे ना तिथं?”

“आहे की. तीनदा हाकललंय मला.”

“मग?”

“मग काही नाही. ते काढत नाहीत. निघालं ते निघालं. आता माझं ऐकशील? तिसऱ्यांदा बदल, आणि आईचा फोटो घाल.”

“म्हणजे तीन होतील!” दादा म्हणाला. “आणि तिसऱ्यात आई काळी. नको. आता कव्हरला हात लावायचा नाही.”

असा हा शहाणा. चूक एकदा केली की तिला फिनिशिंग द्यायचं, पण सोडायची नाही.

गाण्यांचं खातं दादाच्या नावावर होतं. तीच भरलेली गाणी मी वेगळ्या नावानं चढवली असती, तर दुकानांच्या यंत्रानं मला चोर ठरवलं असतं. आईच्या गाण्यांची चोर! मग एकच वाट राहिली. मी आईला म्हटलं, “पुन्हा गाशील?”

“आता? आवाज बसलाय माझा.”

“बसू दे. बसून गा.”

“बसून नाही येत गं मला.” ती उठली आणि स्वयंपाकघरात टेबल ओढू लागली. ब्लँकेट आणलं, चादर आणली. इस्त्री लावली. घरात इस्त्रीचे कपडे नव्हते, म्हणून मी शेजाऱ्यांकडून मागून आणले. त्यांना वाटलं आम्ही धंदा काढला. पहिल्या शर्टाची कॉलर सपाट होईपर्यंत ती नुसती गुणगुणली. बाहीवर आली आणि गळा सुटला. आवाज खरंच बसला होता, काठाला खरखर आली होती, वरच्या ओळीला ती अर्ध्यावरून खाली उतरत होती. पण इस्त्री पुढे गेली की ओळ पुढे, इस्त्री मागे आली की ओळ वळायची. त्यात काही चुकलं नाही.

मग कव्हर. दुकानांना चौकोन लागतो, आणि फोटो उभा. कापावं तर लागणारच. मी तो चौकोन फोटोवरून सरकवून सरकवून तिला दाखवला. वर नेला तर चेहरा पूर्ण, इस्त्री जाते. खाली आणला तर इस्त्री राहते, कपाळ जातं.

“कपाळ काप,” आई म्हणाली.

“अगं, कपाळ?”

“कपाळाचं काय काम आहे त्यात? गाल ठेव, हात ठेव, इस्त्री ठेव. तोंड ठेव, गायला. आणि हे तुझं बोट आलंय ना कोपऱ्यात, तेही असू दे. एकटीच कशी दिसू मी?”

मी तसंच कापलं. आईचं नाव साध्या अक्षरांत लिहिलं. बोधचिन्ह नाही, ढग नाहीत. माझ्या खात्यावरून दुकानात गाणी निघाली त्या दिवशी मी कोशात नवी नोंद केली, दुकानाची लिंक दिली आणि कव्हर चढवलं. घुबड आलंच.

“कोपऱ्यात बोट आहे,” त्यानं लिहिलं.

“आहे. माझं आहे. दुकानातही आहे, बघा.”

“बघितलं,” त्यानं लिहिलं. “मग राहील.”

आणि मंजूर.

आठवड्याच्या आत दादाला सुगावा लागला. त्यानंही कोशात खातं उघडलं होतं, माझ्या नकळत. आईच्या नव्या नोंदीवर त्यानं गुलाबी बाई चढवली, डागवाली, आणि कारण दिलं: चांगल्या दर्जाचं चित्र. मी उत्तर लिहायला घेतलं. पण मला काही लिहावंच लागलं नाही. घुबडानं त्याला तासाभरात उत्तर दिलं:

“चित्र चकचकीत आहे. पण कव्हर नाही.”

दादानं वाद घातला. मोठ्या अक्षरांत लिहिलं की तो गायिकेचा सख्खा मुलगा आहे, त्याचं शोरूम आहे. घुबडानं कळवलं, गायिकेच्या मुलांची आणि त्यांच्या शोरूमची नोंद आम्ही ठेवत नाही. मग ढगांच्या रंगाची काळजी करणाऱ्यानं येऊन दादाला सांगितलं की या कव्हरचा निळा-राखाडी वाफेचा रंग मूळ फाइलशी तंतोतंत जुळतो, कृपया छेडछाड करू नये. त्या दिवशी मला त्या सगळ्या फांदीवरच्या शहाण्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नसते, पण वाटलं.

संध्याकाळी मी आईकडे गेले. फोन तिच्या हातात दिला. ती चित्रं सारत गेली. होडी गेली, दार गेलं. मग बोट थांबलं. तिनं पदर घेऊन काच पुसली, पुन्हा पाहिलं, गाल, हात, इस्त्री, आणि कोपऱ्यातलं बोट. कपाळ नसलेल्या स्वतःच्या चेहऱ्यावर तिनं अलगद बोट ठेवलं.

खोलीत तिचाच आवाज आला, खरखरीत, शर्टाच्या बाहीवरून चालत. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली, जशी दुसऱ्याच्या हातची इस्त्री तपासायची.

“वरच्या ओळीला दम कमी पडलाय,” ती म्हणाली. “आणि हे बटणाचं फारच घाईनं घेतलंय बाईनं.”

“कुठल्या बाईनं?”

“मीच की,” आई म्हणाली, आणि आवाज वाढवायला सांगितला.